उजव्या खांद्यावरचं जानवं

पुस्तक हातात आलं तेव्हा मी ते कचेरीत उघडलंच नाही. संपादकांसमोर माझ्या चेहऱ्यावर आनंद दिसला असता आणि त्यांना तो दाखवायची माझी तयारी नव्हती. जिना उतरून मंडईच्या कडेच्या एका रसवंतीत जाऊन बसले. मुखपृष्ठावर माझं नाव होतं. सासरच्या आडनावासकट पूर्ण नाव, काळ्याभोर अक्षरांत. मी त्यावरून बोट फिरवलं, रसाचा एक घोट घेतला आणि पान उलटलं.

पहिल्या पानावर गणपती होता. मी काढला होता डाव्या सोंडेचा. छापून आला होता उजव्या सोंडेचा.

आधी वाटलं, माझंच काहीतरी चुकतंय. चित्र काढून बरेच महिने झाले होते, विसरले असेन. पुढचं पान उलटलं. राजा याचकाला दान देत होता, डाव्या हाताने. राणीचा पदर उजव्या खांद्यावर, म्हणजे ती एकदम गुजराथेत जाऊन पोचलेली. सगळ्या शिपायांच्या तलवारी उजव्या कमरेला. मग आली राजपुत्राची मुंज. त्या मुंजीवर मी सगळ्यात जास्त जीव लावला होता. होम, गुरुजी, लंगोटी नेसलेला बटू. आणि त्या बटूचं जानवं उजव्या खांद्यावर होतं.

जानवं डाव्या खांद्यावर असतं. उजव्या खांद्यावर ते घेतात फक्त पितरांचं काही करायचं असेल तेव्हा, श्राद्धाला. अपसव्य म्हणतात त्याला. म्हणजे मुंजीच्या मांडवात बटू, त्याचा बाप आणि झाडून सगळे गुरुजी अपसव्य करून बसले होते. शेवटच्या पानावर राजपुत्राचं लग्न होतं. नवरानवरी अग्नी डाव्या हाताला ठेवून उलटे फिरत होते. तसं कोण आणि कुठे फिरतं ते मी लिहीत नाही, वाचणाऱ्याला कळेल.

माझे हातपाय गार पडले. अक्षरशः. रसवाला म्हणाला, “ताई, बर्फ कमी टाकू का?”

हे काय झालं ते समजायला आमच्या कामाची पद्धत सांगायला हवी. मी चित्रकथा काढत असे. रंगीत टीव्ही अजून घरोघरी आला नव्हता आणि सुट्टी लागली की मुलं या पातळ पुस्तकांवर तुटून पडत. आमचं प्रकाशन जुन्या शहरातलं, मंडईपासून हाकेच्या अंतरावर, पहिल्या मजल्यावर. मी बिबवेवाडीहून बसने चित्रं घेऊन जायची आणि नवी गोष्ट घेऊन यायची. प्रत्येक पुस्तकाच्या आत बारीक टाइपात छापलेलं असे: ‘चित्रे: आमचा कलाविभाग’. हा कलाविभाग म्हणजे मी. आमच्या जेवणाच्या टेबलाचं एक टोक, दोन ब्रश, पोस्टर कलरच्या बाटल्या आणि कुकरची शिट्टी झाली की उठणारी मी. चित्रात सही करायला बंदी होती. “मुलांचं लक्ष गोष्टीवरून उडतं,” असं संपादक म्हणत.

संपादक म्हणजेच प्रकाशक. उंच, कृश, स्वच्छ धोतर आणि त्याहून स्वच्छ मराठी. शुद्धलेखन हा त्यांचा धर्म होता. मंडईत भाजी घेतानासुद्धा ते पाटीवरच्या ‘कोथिंबिर’ची वेलांटी दुरुस्त करायला सांगत आणि मग जुडीचा भाव करत. इतरांच्या चित्रकथांत माणसांच्या तोंडातून बोलण्याचे फुगे निघत, ते यांना मुळीच खपत नसे. “आपण बोलताना आपल्या तोंडातून फुगे येतात का?” त्यांनी मला पहिल्याच भेटीत विचारलं होतं. म्हणून आमच्या पुस्तकात प्रत्येक पानावर एकाखाली एक दोन चित्रं आणि प्रत्येक चित्राखाली छापील मजकूर. चित्रात एक अक्षर नाही.

माझं नाव छापा म्हणून मी त्यांच्यामागे किती वर्षं लागले होते! दर वेळी “बघू” म्हणायचे. पुण्यात ‘बघू’ म्हणजे नाही, हे मला माहेरीच शिकवलेलं होतं, तरी मी विचारत राहिले. कारण मला नाव हवं होतं. उगाच विनय कशाला दाखवू? लोकांनी पुस्तक उघडावं आणि म्हणावं, हे हिनं काढलंय, एवढंच मला आयुष्यात हवं होतं. शेवटी या राजपुत्राच्या पुस्तकाला ते कसे कोण जाणे, तयार झाले. मुखपृष्ठावर नाव. चित्रात सही मात्र नाहीच.

आणि नाव आलं ते हे असं.

मी तशीच जिना चढून परत गेले. संपादक मुद्रितं तपासत होते. मी त्यांच्यासमोर मुंजीचं पान उघडून ठेवलं आणि म्हटलं, “अहो, हे बघा काय झालंय.”

त्यांनी चष्मा सारखा केला. चित्राखालचा मजकूर वाचला. पुन्हा वाचला. मग म्हणाले, “‘यज्ञोपवीत’ यातला वी दीर्घच असतो, बाई.”

“मजकूर नाही, चित्र बघा.”

त्यांनी चित्र बघितलं. म्हणजे चित्राच्या दिशेने बघितलं. “चांगलं आलंय की. रंग उठलेत.”

“उलटं आहे!”

यावर त्यांनी पुस्तक शांतपणे खालचं वर फिरवलं, त्याकडे पाहिलं आणि पुन्हा सरळ केलं. “नाही हो, सुलटच आहे,” ते म्हणाले.

मला अजून तो क्षण आठवला की कसंतरी होतं. पुस्तक उलटं छापलं गेलं त्याचा धक्का एक. पण हा माणूस इतकी वर्षं माझी चित्रं छापत होता आणि त्याने त्यातलं एकही चित्र कधी पाहिलेलं नव्हतं, याचा धक्का त्याहून मोठा. या पुस्तकाची मुद्रितं तीन वेळा तपासली गेली होती. एक अनुस्वार सुटला नव्हता. रोज अंघोळीनंतर स्वतःच्या गळ्यातलं जानवं सारखं करणारा माणूस, त्याला बोट ठेवून दाखवलं तेव्हा कुठे दिसलं. मग मात्र त्यांचा हात आपोआप सदऱ्याच्या आत, डाव्या खांद्याकडे गेला.

“अरे देवा,” ते म्हणाले. “हे वाटलं गेलं हो दुकानांत.”

दुसऱ्या दिवशी मी धायरीला गेले. संपादकांच्या जावयाने तिथे जागा स्वस्त मिळाली म्हणून एका शेडमध्ये नवीन छापखाना टाकला होता आणि आमचं हे त्याच्याकडचं पहिलंच पुस्तक होतं. जावई नव्हता. प्लेट तयार करणारा गावातलाच एक मध्यमवयीन माणूस होता. त्याने मला चहा दिला आणि माझ्या चित्राची फिल्म उजेडात धरून दाखवली, मजकुराची फिल्म वेगळी असते. फिल्म पारदर्शक. या बाजूने धरा की त्या बाजूने, चित्र दिसतंच.

“आता तुमीच सांगा, ताई,” तो म्हणाला, “ह्ये सुलटं हाय का उलटं, वळखायचं कसं? अक्षर असलं म्हंजी झटक्यात कळतंय. यात अक्षरच न्हाई. कोपऱ्यात कुनाची सही असती तरी आमी बगितलं असतं.”

मी चहा तसाच ठेवला. सही असती तर! फुगे असते तर! गोष्टीवरून मुलांचं लक्ष उडू नये म्हणून जे काही काढून टाकलं होतं, त्यातलं एक जरी असतं तरी हे झालं नसतं. मला त्या माणसावर रागावताही येईना. परतीच्या बसमध्ये मी एकटीच हसत होते आणि शेजारची बाई सरकून बसली.

मग बोंब झाली. व्हायचीच होती. एक निवृत्त मास्तर जिना चढून कचेरीत आले, मी तेव्हा तिथेच होते. त्यांनी पुस्तक टेबलावर ठेवलं आणि अतिशय सौम्य आवाजात विचारलं, “आपण राजपुत्राचं लग्न लावलंत, की दिवस घातलेत?” मास्तरांनी मुखपृष्ठावरचं माझं नाव मोठ्याने वाचलं. “या कोण बाई? यांच्याकडे मुंजी होत नाहीत का?” मी समोर बसले होते. मी आहे ती, असं म्हणायला माझी जीभ उचलली नाही. ज्या नावासाठी मी इतकी वर्षं जीव टाकला, ते पहिल्यांदा परक्या माणसाच्या तोंडून ऐकलं ते हे असं.

आमच्या बिबवेवाडीत तर काय, सासूबाईंच्या भजनी मंडळानेच विषय घेतला. एकीने सांगितलं की उजव्या सोंडेचा गणपती कडक असतो, तेव्हा हे पुस्तक घरात ठेवायचं तर सोवळ्यात ठेवावं लागेल. दुसरीने ते आधीच नदीत सोडलं होतं. सासूबाई घरी येऊन मला काही बोलल्या नाहीत, नुसत्या म्हणाल्या, “आधी नाव नव्हतं तेच बरं होतं की गं.”

त्यांचंही खरंच होतं. आधी चूक झाली तर ती कलाविभागाची. कलाविभागाला कुठे सासू असते?

सगळ्यांना मी एकच सांगत होते, चूक छापखान्याची आहे, माझी मूळ चित्रं सुलटी आहेत, या, दाखवते. कोणी आलं नाही. फक्त आमच्या ह्यांनी एका रविवारी सगळी मूळ चित्रं पलंगावर मांडली आणि पुस्तक शेजारी धरून एकेक ताडून पाहिलं. “हा सरळ सरळ अन्याय आहे,” ते म्हणाले. बँकेतला शांत माणूस, पण त्या दिवशी कान लाल झाले होते त्यांचे. मला फार बरं वाटलं. निदान या घरात एक माणूस चित्र बघतो, असं वाटलं.

पुढच्या आठवड्यात संपादकांनी बोलावलं. टेबलावर चहा, बिस्किटं. इतक्या वर्षांत बिस्किटं पहिल्यांदाच. मी मनात म्हटलं, काहीतरी आहे.

“पुस्तक पुन्हा छापतो आहोत,” ते म्हणाले. “फिल्म सुलटी लावून. आपलं नाव मुखपृष्ठावर राहील. यापुढेही प्रत्येक पुस्तकावर राहील. मी शब्द देतो.”

त्यांनी एक कागद पुढे सरकवला. ‘प्रस्तुत पुस्तकात चित्रकर्त्रीच्या अनवधानाने डावे-उजवे यांची गफलत झाली, याबद्दल चित्रकर्त्री वाचकांची क्षमा मागते.’ खाली सहीसाठी जागा.

“‘चित्रकर्त्री’च लिहिलं आहे,” ते म्हणाले. “हल्ली ‘चित्रकर्ती’ लिहितात, पण ते अशुद्ध आहे.”

“अहो, पण चूक छापखान्याची आहे. आपल्याला माहीत आहे.”

“माहीत आहे ना,” ते म्हणाले. एवढ्या सहज म्हणाले की मला आधी ते कळलंच नाही. “पण छापखाना जावयांचा आहे. नवीन धंदा. पहिल्याच कामाला बट्टा लागला तर त्यांच्याकडे कोण येईल? आणि मुलगी तिकडे आहे आमची. आपण समजून घ्याल.”

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. जावई म्हणजे दहावा ग्रह हे मी लहानपणापासून ऐकत होते. पण या ग्रहाची शांत माझ्या नावाने करायची, हे मला नवीन होतं.

आणि तरी खरं सांगते, मी त्या कागदाकडे बराच वेळ बघत होते. एक सही, आणि पुढच्या प्रत्येक पुस्तकावर नाव. लोक काय, चार महिन्यांत विसरतात. मुलं तर कागद वाचणारच नव्हती. त्यांच्या टेबलावरचं पेन माझ्या हातापासून वीतभर अंतरावर होतं. मला ते नाव फार हवं होतं.

मग मला दिसलं की चित्रात जी सही मला कधी करू दिली नाही, ती पहिल्यांदा मागितली जात होती आणि ती या वाक्याखाली. डावं-उजवं न कळणारी बाई म्हणून. मी उठले.

“मला डावं-उजवं कळतं,” मी म्हटलं. “सही होणार नाही.”

“मग नाव राहणार नाही,” ते म्हणाले. रागाने नाही. अगदी आदराने.

जाता जाता मी माझ्या दुसऱ्या पुस्तकाचं विचारलं. ते मी या सगळ्याच्या आधीच देऊन ठेवलं होतं. एका जासुदाची आणि त्याच्या घोडीची गोष्ट. जिंकलेल्या लढाईची खबर घेऊन तो पावसापाण्यातून दौडत येतो. माझ्या मते ते माझं सगळ्यात चांगलं काम होतं. “ते छापाल तर नावानिशी छापा,” मी म्हटलं, “नाहीतर चित्रं परत द्या.”

“बघू,” ते म्हणाले.

घरी आल्यावर मी ह्यांना सगळं सांगितलं. “बरं केलंस,” ते म्हणाले. “स्वाभिमान विकायचा नसतो.” त्या दिवशी स्वयंपाक त्यांनी केला. खिचडीच होती, पण केली.

त्या घोडीसाठी मी काय केलं होतं ते दुसऱ्या कोणाला माहीत नसलं तरी ह्यांना माहीत होतं. मी टांग्याच्या अड्ड्यावर उभी राहून घोडे काढत असे. ऊन असलं की हे माझ्या डोक्यावर छत्री धरून उभे राहत आणि टांगेवाले हसत. घोडा धावताना मागचा पाय कुठे मुडपतो, मान कधी खाली जाते, हे मी त्यांना दाखवत असे आणि ते “हो का” म्हणत. माझी घोडी इतर चित्रांतल्या घोड्यांसारखी लाकडी नव्हती. ती दमायची. तिच्या बरगड्या दिसायच्या.

महिने गेले. कचेरीतून ना निरोप, ना चित्रं. मी दोनदा गेले, दोन्ही वेळा ‘साहेब बाहेर गेलेत’. राजपुत्राचं सुलटं पुस्तक मात्र बाजारात आलं. मी ते उभ्या उभ्या चाळलं. सगळी जानवी डाव्या खांद्यावर. नाव नव्हतं. वाईट वाटलं, पण ते अपेक्षित होतं. मला आता आस होती ती घोडीची. तिच्यावर ते नाव घालतील, असं मला आतून वाटत होतं. एवढं चांगलं काम दिल्यावर नाव गाळायची कोणालाही लाज वाटेल.

एका संध्याकाळी हे मंडईतून भाजी घेऊन आले. पिशवी ओट्यावर ठेवली आणि मेथीच्या जुडीखालून एक पुस्तक काढून माझ्यापुढे नाचवलं. “ओळख काय आलंय!”

मी ओले हात पदराला पुसले. मुखपृष्ठावर घोडी होती आणि जासूद. आधी नाव शोधलं. नव्हतं. आतल्या पानावर नेहमीचा कलाविभाग. मी स्वतःला समजावलं, निदान चित्रं तर आली. मग मी चित्रं बघितली.

ती माझी नव्हती.

गोष्ट तीच होती. माझ्या चित्रांतल्या जागाही त्याच होत्या, घाट, नदी, वेशीवरचा पहारा. कोणीतरी माझी चित्रं समोर ठेवून सगळी पुन्हा काढली होती. हात वेगळा, रेघ जाड, माणसांचे चेहरे फुगलेले. घोडी लाकडी झाली होती. तिचे चारही पाय एकाच वेळी मुडपलेले होते, खुर्चीला बसतो तसे. म्हणजे त्यांनी माझी चित्रं परतही केली नव्हती आणि छापलीही नव्हती. त्यांना माझी गरज नव्हती, फक्त काहीतरी काढलेलं हवं होतं.

मी पानामागून पान उलटत होते. हे माझ्या खांद्यावरून वाकून बघत होते. खूश होते. खरंच खूश होते, माझ्यासाठी.

“काही म्हण,” ते म्हणाले, “या वेळी घोडे मस्त जमलेत तुला.”

मी मान वळवून त्यांच्याकडे बघितलं. थट्टा करत नव्हते. थट्टा करताना त्यांचा डावा डोळा बारीक होतो, तसा झाला नव्हता.

“अहो, ही मी काढलेली नाहीत.”

“असं?” त्यांनी पुस्तक हातात घेतलं, दिव्याखाली धरलं आणि बरीच पानं नीट, मन लावून पाहिली. मला वाटलं, आता दिसेल. आता त्यांचे कान लाल होतील. त्यांनी पुस्तक मिटून ओट्यावर ठेवलं आणि माझ्या पाठीवर हात ठेवला.

“मला तर सगळीच तुझी वाटतात,” ते फार प्रेमाने म्हणाले.